कोणत्या कमल जाधव?

बाजारात सीताफळं आली आणि गल्लीत पहिली रिक्षा शिरली, या दोन्ही गोष्टी परवा एकाच सकाळी झाल्या. रिक्षाच्या टपावर भोंगा, मागं हात जोडलेल्या एका तरुणाचा फोटो आणि त्याखाली ‘समस्त उस्मानपुरावासीयांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’. शुभेच्छा हे निमित्त. निवडणुका लागणार हे आता क्रांती चौकातल्या फलकांवरूनच कळतं. चौकात उभं राहिलं तर आभाळ दिसत नाही, नुसते जोडलेले हात दिसतात.

आई गॅलरीत सीताफळ खात बसली होती. भोंगा जवळ आला तशी तिनं हातातली वाटी खाली ठेवली, आत आली आणि दार लावून घेतलं. पंचाहत्तरी उलटलेली माझी आई फटाक्यांना भीत नाही, टीव्हीवरच्या आरडाओरड्याला भीत नाही. भोंग्यावरून कुणाचं नाव घेतलेलं मात्र तिला सोसत नाही. कारण एके काळी भोंग्यावर तिचं नाव होतं.

तो मोसम मला वासांनी आठवतो. दसरा होऊन गेलेला, कापसाची पहिली बोंडं फुटलेली, रस्त्याच्या कडेला मका वाळत पडलेला. आमच्या अंगणात मोठ्या पातेल्यात पोस्टरं चिकटवायची खळ शिजायची. तिचा आंबूस वास, भिंतींवर मारलेल्या चुन्याचा वास, आणि शाळेच्या दप्तरात सुद्धा गेरू. मी दहावीत होते. माझी बोटं कायम तांबडी असायची, कारण भिंतीवर पाटी काढायचं काम माझ्याकडं होतं. आधी चौकट, मग आतला काळा रंग, आणि खाली अक्षरं: ‘कमल भाऊराव जाधव. निशाणी पाटी.’

आमचा मतदारसंघ शहरापासून दीड तासावर. त्याचं नाव इथं घेत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. आई तिथल्या जिल्हा परिषद शाळेत एकवीस वर्षं शिकवत होती. सगळी पंचक्रोशी तिला नुसतं ‘बाई’ म्हणायची. गावाला मुलींचं हायस्कूल मंजूर झालं होतं. सातवीनंतर घरी बसणाऱ्या पोरींसाठी आईनंच त्याचा पाठपुरावा केलेला. आणि आमच्या आमदारांनी, विश्वंभर काळ्यांनी, ते हायस्कूल उचलून आपल्या गावी, आपल्या संस्थेत नेलं. सगळे त्यांना बापूसाहेब म्हणत. पांढरी टोपी, काळ्या काड्यांचा चष्मा, जाड मिशा, आणि कधी न हसणारं तोंड.

आई भर सभेत उठून उभी राहिली आणि तिनं जाब विचारला. बापूसाहेब म्हणाले, “बाई, तुम्ही फळ्यावर लिहीत जा. राजकारण आमाला लिहू द्या.”

लोक हसले. आईनं घरी येऊन राजीनामा लिहिला, कारण सरकारी नोकरीत राहून निवडणुकीला उभं राहता येत नाही. पेन्शनला थोडीच वर्षं उरली होती. वडील म्हणाले, “कमल, जरा इचार कर.” ती म्हणाली, “विचार सभेतच झाला.”

मला आजही वाटतं, आई तेव्हा जिंकत होती. हे लेकीचं प्रेम नाही. गावोगाव तिच्या हाताखालून गेलेल्या पोरी आता बायका झाल्या होत्या, आणि त्या आपापल्या सासवांना घेऊन सभेला येत होत्या. आई भाषण करायची ते शिकवल्यासारखं. मधेच थांबून विचारायची, “कळलं का?” आणि बायका एका सुरात म्हणायच्या, “व्हय बाई!” अशी सभा मी पुन्हा कधी पाहिली नाही.

अर्ज मागं घ्यायची मुदत संपली, उमेदवारांची यादी लागली, आणि तिच्यात दोन कमल जाधव निघाल्या. एक कमल भाऊराव, एक कमल भावराव. एकीखाली एक. पहिलीची निशाणी पाटी. दुसरीची फळा.

दुसरी कमल जाधव शेजारच्या वस्तीवर राहणारी मजूर बाई होती. बापूसाहेबांच्या माणसांनी तिला घरकुलाचा अर्ज म्हणून तहसीलला नेलं होतं आणि हव्या तिथं अंगठे घेतले होते. आपण आमदारकीला उभ्या आहोत हे तिला आठवड्यानं कळलं.

तेव्हा कागदाची मतपत्रिका होती. पाटीला लाकडी चौकट आणि फळ्यालाही लाकडी चौकट. छापून नखाएवढं झालं की कोणती पाटी आणि कोणता फळा? मतदानाच्या दिवशी दुपारी आमच्या गावची सखुआजी केंद्रातून बाहेर आली ती हसतच. आईचा हात धरून म्हणाली, “बाई, बराबर चौकटीवर ठप्पा हाणला बघ. तुज्या फळ्यावर!”

आईनं तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, “चांगलं केलंस, आजी.” तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. मला मात्र दिसलं, की तिनं दुसऱ्या हातानं भिंत धरलेली आहे.

आई जेवढ्या मतांनी पडली, त्याहून जास्त मतं दुसऱ्या कमल जाधवला होती.

निकालाच्या दुपारी मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून नेली. गुलाल आमच्या ओट्यावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला. बापूसाहेब जीपमधून उतरले. आई दारात उभी होती. त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बाई, मनाला लावून घेऊ नका. तुमाला मी नाय पाडलं. तुमच्याच नावानं पाडलं.”

वडील शेताकडं निघून गेले. आई दारातून हलली नाही. आणि मी, गेरूनं रंगलेल्या बोटांची सोळा वर्षांची पोर, तिथं उभी राहून एक गोष्ट ठरवत होते. हे वाक्य मी या माणसाला परत करीन. शब्दही बदलणार नाही.

दोन दिवसांनी दुसरी कमल जाधव आमच्या दाराशी आली. डोक्यावरचा पदर तोंडात धरलेला. म्हणाली, “बाईला सांगा, मला ठावं नव्हतं.” आई आतच होती. मी म्हणाले, “बाई घरी नाहीत,” आणि दार लावलं. ती बराच वेळ बाहेर उभी होती. खिडकीतून मला तिच्या भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या. मला तिची दया आली नाही. खरं सांगायचं तर तिच्यावर राग काढता आला याचं बरं वाटलं.

मग आम्ही शहरात आलो. आई उस्मानपुऱ्यात घरी शिकवण्या घेऊ लागली. मी वकील झाले. लोक विचारतात, वकिली का घेतली? मी काहीतरी भारदस्त उत्तर देते. खरं उत्तर असं, की उमेदवारी अर्जात कुठं काय लिहिलं की काय होतं, ते मला शिकायचं होतं.

दर पाच वर्षांनी दसऱ्यानंतर माझ्या तोंडाला कडू चव यायची. एकदा बापूसाहेब निवडून आले. पुन्हा आले आणि मंत्रीही झाले. एकदा लाटेत पडले. त्या दिवशी मी पेढे आणले, आईसमोर धरले. ती म्हणाली, “तू खा.” मी खाल्ला, पण चव लागली नाही. त्यांना वाऱ्यानं पाडलं होतं. वाऱ्याचा सूड माझ्या काय कामाचा? पुढच्या खेपेला ते परत आले तेव्हा, कुणाला सांगू नये, पण मला आनंद झाला. माणूस अजून माझ्यासाठी शिल्लक होता.

सूड घेणाऱ्या माणसाला वय कळत नाही. मी लग्न केलं, मुलगी वाढवली, वडील गेले, केसांत पांढरं आलं. या सगळ्याच्या तळाशी सोळा वर्षांची एक पोर जागची हलली नव्हती.

मागच्या विधानसभेला बापूसाहेबांचं तिकीट कापलं गेलं. त्यांनी बंडखोरी केली. अपक्ष उभे राहिले. पक्षाचं ओळखीचं चिन्ह गेलं, आणि चिन्हांच्या यादीतून आपण बादली घेणार असं त्यांनी जाहीर केलं. मी ते पेपरात वाचलं आणि हातातला चहा गार होईपर्यंत तसाच धरून बसले. चोवीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यापाशी नावाशिवाय काही नव्हतं.

त्याच दुपारी मतदारयादी उघडली आणि ‘विश्वंभर काळे’ शोधलं. त्यांच्याशिवाय आणखी तिघं निघाले. एक वारलेला, एक पुण्याला नोकरी करणारा, आणि एक तालुक्याच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, मापाडी.

मोंढ्यात गेले तेव्हा मक्याचे ढीग लागले होते आणि हवेत पिवळा भुसा उडत होता. साठीतला माणूस काट्यापाशी बसला होता. विश्वंभरचं इसंबर करून सगळे त्याला इसंबरकाका म्हणत होते. मिशा जाड, थेट बापूसाहेबांसारख्या. इतकं साजरं जमून यावं?

मी जवळ जाऊन नाव सांगितलं, वकिलीत लावते ते माहेरचंच, जाधव, आणि म्हणाले, “काका, तुम्ही आमदारकीला उभं राहा.”

ते काट्यावरून नजर न काढता म्हणाले, “वजन होऊ द्या.”

पोतं उतरलं, आकडा सांगून झाला, शेतकऱ्यानं मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “मला कशापायी?”

मी तयारीनं गेले होते. “मोंढ्यातल्या माणसाचा आवाज विधानसभेत गेला पाहिजे.”

त्यांनी शेतकऱ्याला मापाची चिठ्ठी लिहून दिली. मग म्हणाले, “बरं.”

अर्ज मी भरला. सूचक मी गोळा केले. चिन्हांच्या यादीत फळांची टोपली होती, वरून कडी असलेली. बादलीलाही वरून कडी असते. फोटोसाठी त्यांना क्रांती चौकाजवळच्या स्टुडिओत नेलं. मतदान यंत्रावर आता उमेदवाराचा फोटो असतो, म्हणून मी पांढरी टोपी आणि काळ्या काड्यांचा चष्मा सोबत नेला होता. फोटोग्राफर म्हणाला, “चचा, जरा हसो.” मी पटकन म्हणाले, “नाही, हसू नका.” आरशासमोर त्यांची टोपी मी माझ्या हातानं किंचित डावीकडं कलती केली, बापूसाहेबांसारखी. हे मला नोंदवून ठेवायचं आहे.

मला वाटलं होतं, इसंबरकाका अर्ज भरून पुन्हा काट्यावर जाऊन बसतील. पण या माणसानं सायकल काढली आणि गावं पालथी घालायला सुरुवात केली. बाजाराच्या गावी झाडाखाली उभं राहून सांगायचे, “राम राम. मी विश्वंभर काळे, मोंढ्यातला मापाडी.”

मी फोन केला. “काका, नुसतं नाव सांगा. मापाडी म्हणू नका.”

“का बरं?”

मी फोन ठेवला.

मतमोजणीला मी त्यांची प्रतिनिधी म्हणून बसले. फेरीमागून फेरी फळ्यावर आकडे चढत गेले आणि दुपारी ते स्पष्ट झालं. बापूसाहेब पडले. ज्या फरकानं पडले, त्याहून जास्त मतं दुसऱ्या विश्वंभर काळेला होती. निवडून आला तो तिसराच कुणी. त्याचं मला देणंघेणं नव्हतं.

बापूसाहेब बाहेर लिंबाखाली खुर्चीवर बसले होते. पाऊणशे वय. सोबतची गर्दी पांगलेली. मी चालत त्यांच्यासमोर गेले. ते वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हटलं होतं, की ते तोंडातून आपोआप निघालं. “बापूसाहेब, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला मी नाही पाडलं. तुमच्याच नावानं पाडलं.”

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, ओळखही नव्हती. “खरंय,” ते म्हणाले. “नावानंच घात केला. तुमी कोनाच्या?”

“कमल जाधवांची मुलगी.”

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला. आणि म्हणाले, “कोणत्या कमल जाधव?”

तो मला मुद्दाम मारलेला टोमणा असता तर मी सुखी झाले असते. पण त्यांना खरंच आठवत नव्हतं. आईची नोकरी, पोरींचं हायस्कूल, ओट्यावरचा गुलाल, यातलं काहीच त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. इतकी वर्षं ते ओझं मी एकटीनं सांभाळलं होतं. आणि तरीही, त्या खचलेल्या खांद्यांकडं बघताना माझ्या पोटात जे ऊन ऊन वाटलं, ते समाधानच होतं. त्याला दुसरं नाव देणार नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला. “पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगितलं. “बसले कसे होते?” मी खांदे पाडून दाखवले. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिच्या तोंडावर एक हसू आलं, जे मी तिच्या विद्यार्थ्यांना कधीच दाखवणार नाही.

“गोड लागलं,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू?”

मग थोड्या वेळानं, भाजी निवडता निवडता: “त्या मापाड्याला खरं सांगून उभं केलंस का?”

मी उठून ताटं मांडायला लागले. आईनं पुढं काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती मला चहा देताना माझ्याकडं बघेनाशी झाली. चार दिवस. मग सगळं पहिल्यासारखं झालं, किंवा तसं आम्ही दोघी धरून चाललो.

आणि परवा, ती रिक्षा गेली त्याच दिवशी अकराच्या सुमाराला, इसंबरकाका आमच्या दारात उभे राहिले. अंगात धुतलेला सदरा, हातात पेरूंची पिशवी.

“वकीलबाई, पंचायत समितीला उभं ऱ्हावं म्हनतो,” खुर्चीच्या कडेवर बसत ते म्हणाले. “येवढ्या मानसांनी मत टाकलं. त्याईला तोंड दाखवाया नको का?”

आई समोर बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेखाली मी म्हणाले, “काका, तुम्हाला एक सांगायचं आहे. ती मतं चुकून पडली होती. मी तुम्हाला त्याचसाठी उभं केलं होतं. टोपी, चष्मा, टोपलीचं चिन्ह, सगळं.”

“ठावं हाय की.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“पोरी, जलमभर काट्यावर बसलोय. मानूस काय मापाया आलाय ते कळतं.” मग ते आईकडं वळले. “बाई, माजी मंडळी तुमच्या सभंला यायची. तिनं बी तवा फळ्यावर ठप्पा हाणला. घरी येऊन सांगाया लागली, तवा मला उमगलं. मी सांगाया नको व्हतं, पन सांगून बसलो. मरस्तोवर तिच्या मनातून गेलं नाय. बाईला मीच पाडलं म्हनायची.” त्यांनी पेरूंची पिशवी उगाच सरळ केली. “वकीलबाईनं नाव सांगितलं, जाधव, तवाच म्हनलं, बरं.”

मला वाटत होतं, सूड माझ्या एकटीचा आहे. आणि तिकडं एक बाई तो स्वतःवरच घेत मरून गेली होती.

“आन समदी मतं चुकून नाय पडली,” काका म्हणाले. “काई जानून बी पडली. किती चुकून आन किती जानून, ते काई काट्यावर घालता येत नाय. म्हनून पुन्यांदा उभं ऱ्हायचं. या टायमाला टोपी नाय घालायची.”

आई उठली. आतून तिनं आपला चष्मा आणला, पुसला, लावला. काकांच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि कितीतरी वर्षांत न ऐकलेल्या आवाजात तिनं विचारलं, “लोकांनी तुम्हाला मत का द्यावं?”

काका गडबडले. “मी... काटा कदी मारला नाय, बाई.”

“ते झालं मागचं. पुढचं काय?”

त्यांनी विचार केला. मग म्हणाले, “वड्यावर पूल नाय. पोरी सातवीपसून घरी बसत्यात. पावसाळ्यात पलीकडं शाळंत जाया येत नाय.”

आईनं हातानं उठायची खूण केली. “हे उभं राहून सांगा,” ती म्हणाली. “बसून नाही. आणि सावकाश. शेवटच्या रांगेतल्या बाईला ऐकू गेलं पाहिजे.”

काका उभे राहिले. मी कपाटातून कोरा अर्ज काढला, पेन उघडलं आणि नावाच्या रकान्यावर टेकवलं. तेवढ्यात आईनं हात पुढं केला.

“तू नको,” ती म्हणाली. “आण इकडं.”

तिनं पेन माझ्या हातातून काढून घेतलं, गुडघ्यावर वही घेऊन तिच्यावर अर्ज ठेवला आणि एकेक अक्षर वळणदार काढत, रेघ न सोडता, काकांचं नाव लिहायला सुरुवात केली.